अक्कांचं ते ब्रेड

अक्का ब्रेडला 'ते' म्हणत. "ते ब्रेड फडक्यात गुंडाळून ठेव." "हे ब्रेड आतून ओलं राहिलंय." पहिल्या आठवड्यात मला वाटलं, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी माणसांचं तो-ती-ते जरा घसरतं, त्यातलाच हा प्रकार असावा. एकदा भीत भीत म्हटलं, "अक्का, आपण तो ब्रेड म्हणतो."

त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "आपण म्हणजे कोण? ब्रेड कुणाचं? जर्मन माणसाचं. तो त्याला नपुंसकलिंगी म्हणतो. पाहुण्याचं नाव पाहुणा सांगेल तसं घ्यावं. सरी?"

सरी म्हणजे कानडीत 'ठीक'. अक्कांच्या तोंडी तो पूर्णविराम होता. ब्रेड हा शब्द मुळात इंग्रजी आहे, हे उत्तर मला वर खोलीत जाताना जिन्यात सुचलं. अक्कांना द्यायची सगळी उत्तरं मला जिन्यातच सुचत.

मी मंगळवेढ्याची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम लागलं आणि ओळखीच्या ओळखीतून बसवनगुडीत अक्कांच्या घरात वरची खोली मिळाली. अक्का तेव्हा सत्तरीला टेकलेल्या. आयुष्यभर त्यांनी जर्मन शिकवलं. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेलं. पण "आम्ही फौजेबरोबर आलो" हे त्या मागच्या महिन्यात बदली झाल्यासारखं सांगत.

भाडेकरूंना नावाने हाक मारणं त्यांना पटत नसे. "नाव काय, लग्नात बदलतं. गाव बदलत नाही." म्हणून मी 'मंगळवेढं' आणि शेजारच्या खोलीतली मुलगी 'निपाणी'. "मंगळवेढं, खाली ये, कॉफी निवते!" ही हाक अख्ख्या गल्लीला पाठ होती. एकदा मी तापाने फणफणले होते. अक्कांनी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, "मंगळवेढ्याला ताप आलाय." डॉक्टर काळजीने म्हणाले, "किती जणांना?"

ब्रेडची गोष्ट त्यांच्या तरुणपणात सुरू झाली. शिष्यवृत्ती मिळवून त्या जर्मनीतल्या एका लहानशा गावी वर्षभर राहिल्या होत्या, एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरी. त्या बाई रोज संध्याकाळी काळा, जडशीळ ब्रेड छातीशी धरत आणि सुरी स्वतःच्या दिशेने ओढत त्याच्या पातळ चकत्या काढत. पहिल्या दिवशी अक्कांनी डोळे मिटून घेतले होते. वाटलं, बाई आता छाती कापून घेणार. तो राय नावाच्या धान्याचा ब्रेड. आंबट, दाट, आणि गिळल्यावर मागून जराशी गोडी येणारा. वर्ष संपलं, अक्का परत आल्या, आणि तेव्हापासून त्यांची एकच तक्रार होती: बेंगळुरात सगळं मिळतं, ते ब्रेड मिळत नाही. ही तक्रार यजमानांनी ऐकली, विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांनी ऐकली, आणि सगळ्यात जास्त ऐकली त्यांच्या एकुलत्या एका मुलाने.

मुलाला घरात पुट्टा म्हणत. कानडीत पुट्टा म्हणजे छोटा. हा छोटा माझ्या वेळी टक्कल पडलेला, दोन मुलांचा बाप होता आणि जर्मनीत राहत होता. अक्कांनीच त्याला जर्मन शिकवलं होतं. "दुसऱ्या कुणी शिकवलं असतं तर नापास होऊन इथेच राहिला असता," असं त्या म्हणत आणि हसत. पण ते हसणं फार वेळ टिकत नसे.

मला राय हे धान्यच माहीत नव्हतं. ज्वारीच्या गावची मी. अक्का 'राय' म्हणायच्या, आणि माझ्या जिभेवर तो शब्द 'राई' होऊन उतरायचा, कारण राई घरातली होती.

"राई म्हणजे मोहरी गं! मोहरीचं ब्रेड करून फोडणीत घालायचंय का तुला? राय म्हण. रा-य."

"राय."

"हं. आता विसरू नको."

मी विसरत असे.

एका सकाळी अक्का न्हाणीघरात घसरून पडल्या. निपाणीने आणि मी त्यांना उचललं. मनगट मोडलं होतं, हात गळ्यात आला. त्या रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी त्यांच्यासमोर फोन धरून बसले होते. त्यांच्या घरात आईला अम्मा म्हणत.

"अम्मा, आता साकु," मुलगा म्हणाला. साकु म्हणजे पुरे. "तू इकडे ये. कायमची. खोली तयार आहे."

"मी काय करू तिथे? बर्फाकडे बघत बसू?"

"आयुष्यभर म्हणत आलीस ना, ते ब्रेड मिळत नाही, ते ब्रेड मिळत नाही? इथे आमच्या कोपऱ्यावर मिळतं. रोज. गरम. ये आणि खा."

 अक्कांचंच वाक्य अक्कांवर उलटलं होतं. मग गळ्यातला हात सावरत त्या ताठ बसल्या. "इथे मिळालं तर?"

"काय?"

"बेंगळुरात ते ब्रेड मिळालं तर?"

मुलगा हसला. "डिसेंबरात मी येतोय. तोवर सापडलं, तर पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही सापडलं, तर माझ्याबरोबर विमानात बसायचं. कबूल?"

"कबूल. मंगळवेढं साक्षीला आहे. सरी?"

फोन बंद झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुझ्या स्कूटरला मागचं सीट आहे का गं नीट?"

अशी आमची राय ब्रेडची मोहीम सुरू झाली. हाताचं प्लॅस्टर निघताच दर रविवारी आम्ही निघत असू. अक्कांच्या पिशवीत नॅपकिनात गुंडाळलेली, करवतीसारखे दाते असलेली लांब सुरी असे. दुकानात गेल्यावर त्या आधी ब्रेड उलटा करत आणि त्याच्या बुडावर दारावर टकटक करावी तशी टकटक करून कान लावत. मग घरी आणून कापत. चव सांगायची ती तिसऱ्या घासानंतर. "पहिला घास नाकाचा, दुसरा दातांचा. जिभेला तिसऱ्याला काय ते कळतं." तोवर कुणी बोलायचं नाही. आणि आंबटपणावर त्यांचा फार कटाक्ष. "स्वल्प तरी आंबट पाहिजे. आंबट नसेल तर ते ब्रेड नव्हे, केक."

पहिली फेरी एचएसआरमध्येच झाली, माझ्या ऑफिसच्या मागच्या रस्त्यावरच्या काचेच्या कॅफेत. त्या कॅफेसमोरून मी वर्षभर रोज गेले होते, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. फळ्यावरची नावं वाचता येत नाहीत आणि चुकीचं काही मागितलं तर लोक हसतील, ही भीती. अक्का सरळ आत गेल्या, काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "यातलं अर्धं मला कळत नाही. तुम्ही सांगा." कुणीही हसलं नाही. उलट काउंटरवरची मुलगी खुलून सांगायला लागली. त्या आठवड्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी पहिल्यांदा हात वर करून म्हणाले, मला हे कळलं नाही, पुन्हा सांगाल का? तिथेही कुणी हसलं नाही. दोघांनी तर नंतर येऊन सांगितलं, त्यांनाही कळलं नव्हतं. माझ्या नोकरीत पुढे जे काही बरं झालं त्याची सुरुवात त्या काउंटरपाशी झाली, असं मी आजही मानते.

तिथला ब्रेड मात्र नापास झाला. बहुतेक गहूच, राय नावाला. फुललेला, मऊ, आत मोठमोठी भोकं. "छान आहे," अक्का म्हणाल्या. "पण आपण भोकं विकत घेतली."

मग कँटोनमेंटकडची एक जुनी बेकरी झाली. तिथे काळाकुट्ट ब्रेड पाहून मी स्कूटरवरूनच ओरडले, "अक्का, राई!" अक्कांनी बोट ओलं करून कापलेल्या बाजूवर घासलं. बोट तपकिरी झालं. जाळलेल्या साखरेचा रंग. "काळं दिसलं की राय होत नाही. केस रंगवले की तरुण होतो का माणूस?" बेकरीवाल्यांचे केस नेमके रंगवलेले होते. आम्ही लवकर निघालो.

व्हाइटफील्डच्या एका मोठ्या दुकानात परदेशातून आलेला डबाबंद राय ब्रेड मिळतो, असं कळल्यावर आम्ही मेट्रोने निघालो. स्टेशनवर पिशवी यंत्रातून गेली आणि शिट्टी वाजली. सुरक्षारक्षकाने सुरी दोन बोटांत धरून वर काढली. "एनम्मा इदु?" अम्मा, हे काय?

"ब्रेडसाठी," अक्का म्हणाल्या.

त्याने पिशवीत पुन्हा हात घातला. "ब्रेड यल्लि?" ब्रेड कुठाय?

"तेच शोधायला चाललोय."

त्याने आमच्याकडे बराच वेळ पाहिलं. सुरीसह मेट्रोत जाता येणार नाही, हे त्याने शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं. सुरी ठेवून जायला अक्का तयार होईनात. शेवटी रिक्षाने, प्रत्येक सिग्नलला थांबत, आम्ही व्हाइटफील्ड गाठलं. डबाबंद ब्रेड खरोखर काळा, चौकोनी, पातळ चकत्यांचा, शंभर टक्के रायचा. तिसऱ्या घासानंतर अक्का म्हणाल्या, "हे तेच आहे. पण मेलेलं आहे. ओळख पटवायला बोलावल्यासारखं वाटतं." त्याच भागातल्या एका इमारतीत एक मल्याळी बाई डेन्मार्कच्या पद्धतीचा ब्रेड घरी करून विकत, त्यात सूर्यफुलाच्या आणि जवसाच्या बिया गच्च भरलेल्या. मला तो फार आवडला. अक्कांनी दात चाचपत म्हटलं, "ब्रेड चांगलं आहे. पण त्यात पेरणी केलीय."

रशियन पद्धतीच्या ब्रेडचा पत्ता मला आमच्या मराठी मंडळाच्या ग्रूपवर लागला. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर काका तरुणपणी प्रशिक्षणासाठी मॉस्कोला जाऊन आले होते. काकूंनी तो ब्रेड तेव्हापासून धरून ठेवला होता. रायचं पीठ त्या दिल्लीहून मागवत. वरून अख्खे धने. काका-काकूंनी आमचं इतक्या अगत्याने केलं की अक्कांना तिसऱ्या घासानंतर काय बोलावं कळेना. "उत्तम झालंय हो," त्या काकूंना म्हणाल्या. स्कूटरवर बसल्यावर माझ्या कानाशी पुटपुटल्या, "धन्यामुळे ते ब्रेड आमटी होण्याच्या वाटेवर आहे."

आज बेंगळुरात राय ब्रेड कुठे मिळतो, हे मला कुणीही विचारावं. टोस्ट करायला हवा असेल तर एचएसआर, चीजबरोबर हवा असेल तर व्हाइटफील्डचा डबा, नुसता खायला हवा असेल तर मल्याळी बाई, आणि पोटभर माया हवी असेल तर काकू. पण अक्कांना यातलं काहीच नको होतं. त्यांना ते हवं होतं.

नोव्हेंबर सरत आला. अक्का कमी बोलायला लागल्या. एके दिवशी खाली गेले तर त्या शब्दकोशांच्या थप्प्या लावत होत्या. एक थप्पी एका जुन्या विद्यार्थिनीला, एक कॉलेजला. "हा जाडा तू घे."

"मला जर्मन कुठे येतं, अक्का?"

"उशाला घे. झोप चांगली लागते." मग कुंड्यांकडे वळून म्हणाल्या, "जाईला दुपारचं पाणी घालायचं नाही. निपाणीला सांग, ती घाई करते." त्या असं सगळं मला सांगत होत्या, आणि ते मी ऐकून घेत होते, याचा मला राग येत होता.

आमच्या ऑफिसात बेंगळुराच्या वेशीवरच्या आनेकलहून रोज बसने येणारा एक सहकारी होता. दुसऱ्या दिवशी जेवताना मी त्याला सहज, खरं तर हताश होऊन, विचारलं, "तुम्हारे उधर राई ब्रेड मिलता है क्या?"

"मिलता है ना!" तो म्हणाला. "मेरे मामा की बेकरी में. फॅक्टरी के शिफ्टवाले लोग लेके जाते हैं. चार दिन रखो, कुछ नहीं होता."

"काला होता है?"

"काला, खट्टा. तुमको नहीं जमेगा."

सोमवारी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक ब्रेड आणून दिला. विटेसारखा आकार, विटेसारखं वजन. अक्कांनी तो उलटा करून टकटक केली आणि मान तिरकी करून थोडा जास्त वेळ ऐकलं. कापायला टेबलावर ठेवला, पण तो इतका दाट की सुरी घसरली. तेव्हा त्यांनी तो उचलून छातीशी धरला आणि सुरी स्वतःकडे ओढली. असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पहिला घास. दुसरा. तिसरा. मग चौथा, पाचवा. निपाणी आणि मी श्वास रोखून उभ्या.

"हेच," अक्का म्हणाल्या. त्यांच्या हनुवटीवर कण लागला होता. "अय्यो, हेच गं. मागून गोड येतं बघ."

मुलाला लगेच फोन लावला. "पुट्टा, सापडलं! आनेकलला!"

"आनेकलला?" मुलाचा विश्वास बसेना. "बरं. येतो तेव्हा खाऊन बघतो. तू म्हणतेस तर असेलच. हरलो म्हणायचं."

त्या रात्री शब्दकोश पुन्हा कपाटात गेले. माझ्या उशाचा सुद्धा.

अक्का तेवढ्यावर थांबत्या तर बरं झालं असतं. पण त्यांना बेकरी पाहायची होती. आनेकलला राय पिकवतं कोण, दळतं कोण, हे विचारायचं होतं. पुढच्या रविवारी आम्ही बसने गेलो. सहकाऱ्याचे मामा बनियनवर, कोपरापर्यंत पिठात, पण अक्कांना बघून त्यांनी हात धुतले, स्टूल दिलं. अक्कांनी कानडीत विचारलं, तुम्ही राय कुठून आणता?

"राय अंद्रे?" राय म्हणजे काय?

"हे ब्रेड कशाचं आहे?"

"रागी, अम्मा. रागी." त्यांनी पोत्यात हात घालून मूठभर दाणे समोर धरले. बारीक, तांबूस. आमच्याकडची नाचणी. त्यांनी मग उत्साहाने सगळं सांगितलं: रागीची आंबील रात्रभर आंबवायची, त्यात थोडं गव्हाचं पीठ, गूळ अगदी नखभर, आणि बाकी भाजणं उरकल्यावर भट्टी निवत असताना ब्रेड आत ठेवून सकाळी काढायचा. मी सहकाऱ्याला 'राई' म्हटलं होतं. कानडी कानाला ते रागी ऐकू आलं होतं.

अक्का दाण्यांकडे बघत राहिल्या. मग मामांचे नीट आभार मानले, दोन ब्रेड घेतले आणि त्या बसस्टॉपकडे चालू लागल्या. बसमध्ये बसल्यावर म्हणाल्या, "आमच्या घरात रागी दोघांसाठी शिजायची. तान्ह्या बाळाला खीर, आणि कामवालीला मुद्दे, म्हणजे रागीच्या उकडीचे गोळे. आपण खायची वस्तू ती नव्हे, असंच होतं. साडेतीनशे वर्षं या गावात राहून मी रागी खाल्ली नाही, बघ."

"अक्का," मी म्हणाले, "पुट्टादादांना सांगायलाच पाहिजे का? त्यांना काय कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वर्गात उभं केल्यासारखं वाटलं. "तो-ती-ते चुकलं म्हणून मी पोरांचे अर्धे अर्धे मार्क कापले. त्याचे पण कापले, रडला होता. आणि आता अख्खं धान्य चुकलं तर स्वतःला पुरे मार्क देऊ?"

घरी येऊन, चप्पलसुद्धा न काढता, त्यांनी फोन केला. "पुट्टा, ते राय नव्हे. रागी आहे. मी हरले."

 मुलगा हळूच म्हणाला, "मग तिकीट काढू, अम्मा?"

"काढ."

डिसेंबरात तो आला. मला वाटलं होतं कुणी करडा माणूस असेल, पण हा आल्या आल्या आईच्या पाया पडला आणि पहिलं वाक्य बोलला ते, "तुझं मनगट दाखव." दुसऱ्या सकाळी त्याने बॅगेतून एक मोठं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. गाडीने कित्येक तास जाऊन तो आईच्या त्या लहानशा गावी पोचला होता. त्या विधवा बाई कधीच वारल्या होत्या, पण त्यांच्या रस्त्यावरची बेकरी चालू होती. "तिथलंच आहे, अम्मा. त्याच बेकरीचं. मी विचारून घेतलं."

अक्कांनी पुडकं उघडलं. काळा, गोल, पिठाची बारीक भुकटी लागलेला. टकटक केली. कापला. मी आणि निपाणी निघून जायला लागलो तर म्हणाल्या, "साक्षीदारांनी बसायचं." पहिला घास नाकाचा, दुसरा दातांचा. तिसरा घास त्यांनी फार सावकाश खाल्ला. मुलगा आईच्या तोंडाकडे असा बघत होता की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

"चांगलं आहे," अक्का म्हणाल्या. आणि मग, अपराध्यासारख्या, "पण हे ते नव्हे रे."

"अम्मा, त्याच बेकरीतलं आहे!"

"असेल. तू एवढं लांब गेलास, मी खोटं बोलू का? हे छान आहे. नुसतं आंबट आहे. मागून गोड येत नाही." त्या उठल्या, फडक्यातला, कालच मागवलेला आनेकलचा ब्रेड आणला, छातीशी धरून कापला आणि मुलापुढे ठेवला. "आता हे खा. तीन घास."

मुलाने खाल्ले. तो दोन्ही चकत्या आलटून पालटून बघत होता.

"बघ, पैज मी हरले, त्यात शंका नाही," अक्का म्हणाल्या. "राय सापडलं नाही. तिकीट काढलंयस, मी येते. पण तुला आधीच सांगते, मी तिथे बसून काय करीन. तुझ्या बायकोला सांगीन, पोरांना सांगीन, शेजाऱ्यांना बोलावून सांगीन, की इथे सगळं मिळतं, आनेकलचं ब्रेड मिळत नाही. रोज सांगीन."

मुलाने कपाळाला हात लावला. "नको. अम्मा, नको."

"मला ठाऊक आहे माझा स्वभाव."

"मला पण ठाऊक आहे! एक ब्रेड ऐकत मी लहानाचा मोठा झालो. बाबा तेच ऐकत गेले. आता दुसरं ऐकायची माझ्यात ताकद नाही." आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. अक्काही हसत होत्या, पण त्यांचा हात त्याच्या टकलावरून फिरत होता.

तिकीट कायमच्या जाण्याचं राहिलं नाही. उन्हाळ्यात दोन महिने जाऊन परत यायचं ठरलं. मुलाच्या अटी मात्र कडक होत्या. न्हाणीघरात भिंतीला धरायच्या दांड्या, स्टुलावर चढणं बंद, आणि रोज सकाळी कॉफी आमच्यापैकी एकीबरोबरच. दांड्या त्याने स्वतः बसवल्या. त्यासाठी ड्रिल शेजाऱ्यांकडून आणलं, एक भोक चुकवलं, आणि अक्कांनी ते दाराबाहेर उभं राहून ओळखलं.

परत जायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, मला ते आनेकल दाखवा. आम्ही तिघं बसने गेलो. मामांकडून त्याच्यासाठी चार ब्रेड बांधून घेतले. जेवायची वेळ झाली होती, म्हणून मामांनी समोरच्या लहान खाणावळीत नेलं. फळ्यावर कानडीत एकच पदार्थ: मुद्दे. रागीचा मोठा लाडूच म्हणा, तांबूस, वाफाळता, भोवती हरभऱ्याचं सार. कारखान्यातली माणसं बाकावर दाटीने बसली होती, त्यांनी सरकून जागा केली. अक्कांनी एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि नेहमीसारखा चावायला लागल्या. तो टाळूला चिकटला. त्यांचं तोंडच उघडेना.

"अगिबेडी अम्मा, नुंगी!" वाढणारी बाई ओरडली. चावू नका, गिळा.

"गिळू?" अक्का कशाबशा म्हणाल्या. "न चावता?"

शेजारच्या खाकी शर्टातल्या माणसाने आपल्या ताटातला तुकडा मोडून, सारात बुडवून, सरळ घशाखाली उतरवून दाखवला. अक्कांनी तसंच केलं. घास उतरला तसे त्यांचे डोळे मोठे झाले. सगळा बाक त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि काही न बोलता ताट पुढे सरकवून अजून एक मुद्दे मागितलं.

मुलगा माझ्याकडे वळला. "झालं," तो म्हणाला. "ही आता कुठे येत नाही."